गुरुवारी भिजत घातलेला हॅम

हॅम म्हणजे काही अंडं नव्हे, की पाहुणा दारात दिसला आणि फोडून तव्यावर टाकलं. डुकराची अख्खी मांडी मीठ चोळून धुराच्या खोलीत वर्षभर टांगलेली असते. लाकडासारखी कडक. ती आधी पाण्यात बुडवायची, पाणी बदलत एक दिवस आणि एक रात्र ठेवायची, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर शिजवत बसायचं, मग कातडं सोलून, काकवी चोपडून, लवंगा टोचून भट्टीत सरकवायची. आमच्या टेनेसीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोऱ्यांना ठाऊक, काळ्यांना ठाऊक, कोर्टात ज्यूरी म्हणून बसणाऱ्यांनाही ठाऊक. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे बरेच लोक हे विसरल्याचं सोंग आणणार आहेत.

मी मोझेल. माझी उमेदीची सगळी वर्षं गोफर्थांच्या स्वयंपाकघरात गेली. प्रेंटिस गोफर्थ कापसाच्या जिनचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, मालक. अख्ख्या काउंटीतला कापूस त्याच्या यंत्राखालून जायचा आणि माणसं त्याच्या शब्दाखालून. त्याची बायको मिस अ‍ॅडलेड. लग्नाला जन्म लोटला तरी आम्ही तिला 'मिस' म्हणायचं आणि तिने मला नुसतं मोझेल. माझं आडनाव टॅगर्ट आहे, हे तिला कोर्टात कळलं.

ओथा माझा धाकटा भाऊ. गवंडी होता, आणि नुसता गवंडी नव्हे, कोर्टाच्या इमारतीच्या पायऱ्या त्यानेच बसवलेल्या. त्या पायऱ्या चढून मतदार म्हणून नाव घालायला जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नोंदणीची खिडकी फक्त बुधवारी उघडायची. रांगेत काळी तोंडं दिसली की कारकुनाला भूक लागायची. तो जेवायला जायचा तो संध्याकाळीच परत यायचा, खिडकी बंद करायला. ओथा दर बुधवारी कामाचा खाडा करून जायचा. मग एका रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "पुढच्या बुधवारी आपण सगळे जाऊ. एकट्याला टाळतो तो. सगळ्या चर्चला टाळायचं तर त्याला उपाशीच राहावं लागेल." लोक हसले आणि जायला कबूलही झाले. ते ऐकून मला अभिमान वाटला आणि भीतीही.

त्या बुधवारी रांगेत चर्चमधली सगळी माणसं दिसली. खिडकीपर्यंत ओथासकट तिघंचौघंच पोचले, पण पोचले. पुढच्या बुधवारी उरलेल्यांना घेऊन ओथाने परत यायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी गोफर्थांच्या जेवणघरात मी चौघा पुरुषांची ताटं मांडली. मांडून झाल्यावर मिस अ‍ॅडलेड म्हणाली, "मोझेल, आज तू लवकर घरी जा. वाढायचं मी बघते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. त्या बाईला स्वतःच्या घरातले चमचे कुठल्या खणात आहेत हे माहीत नव्हतं. मागच्या दाराने बाहेर पडले तर अंगणात डब स्केल्टनची गाडी उभी. डब स्केल्टन म्हणजे पेट्रोल पंपावरचा. गोफर्थ त्याच्याशी बोलायचा तो गाडीच्या काचेतून. त्याला त्या पॉलिश केलेल्या टेबलावर जेवायला बसवलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोठ्यांचं मोठ्यांपाशी, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी घरी गेले.

गुरुवारी सकाळी मिस अ‍ॅडलेड स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले.

"मोझेल, धुराच्या खोलीतला मोठा हॅम काढ आणि भिजत घाल."

"रविवारी पाहुणे आहेत का, मॅम?"

"नाही. एका घरी पाठवायचाय. दुःख आहे त्यांच्याकडे."

"अरेरे. कोण गेलं?"

"तू ओळखत नाहीस," ती म्हणाली आणि स्वच्छ पुसलेला ग्लास उचलून पुन्हा पुसायला लागली.

आमच्याकडे कुणाचं मयत झालं की शेजारीपाजारी अन्न घेऊन येतात. सुतकाच्या घरात चूल पेटू द्यायची नाही. गोऱ्या बायकाही आपल्या मोलकरणीच्या, धोबिणीच्या घरी काही ना काही पाठवतात, आणि मिस अ‍ॅडलेड तर या बाबतीत नाव घेण्यासारखी. तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. हॅम मोठ्या पातेल्यात बुडवला.

दुपारी ओथा मागच्या दारी आला. शेजारच्या घराचं धुराडं बांधत होता, पाणी प्यायला आला.

"काय गं ताई, डुकराला आंघोळ घालतेस?"

"हात लावू नकोस, चुना लागलाय हाताला."

"मेजवानी कुणाची?"

"मेजवानी कसली, कुठल्या तरी सुतकाच्या घरी जायचाय."

"मग हाडाजवळचा तुकडा मला काढून ठेव. रडणाऱ्या माणसाला चव कुठे कळते?"

"गप बैस. आणि येत्या बुधवारी परत जाणार आहेस का तिथे? ल्युटीला झोप नाही म्हणे रात्ररात्र."

"ल्युटीला माझ्या घोरण्याने झोप नाही," तो म्हणाला. "जाणार तर. पायऱ्या मी बांधल्या आणि चढायच्या दुसऱ्यांनीच का?" ग्लास उपडा घालून गेला. त्याचं माझं एवढंच शेवटचं बोलणं.

शुक्रवारी मी हॅम शिजवला, सोलला, काकवी चोपडली, लवंगा टोचल्या, भट्टीतून काढून फडताळात ठेवला. शनिवारी सकाळी कांदा चिरत होते, तर आमच्या चर्चचा कारभार बघणारे डीकन मागच्या दारी आले. टोपी हातात. ओथा शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परतलाच नव्हता. ओढ्यावरच्या पुलाजवळ सापडला होता. पाठीत गोळी.

माझ्या हातातली सुरी कुणी काढून घेतली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मिस अ‍ॅडलेड दारात उभी होती आणि तिच्या हातात तो हॅम होता. पांढऱ्या कापडात बांधलेला, वर नीट गाठ मारलेला. "तू घरी जा, मोझेल," ती म्हणाली. "हा घेऊन जा. तुम्हाला लागेल."

मी तिला थँक यू मॅम म्हणाले. मनापासून म्हणाले. ते शब्द अजून मला काट्यासारखे सलतात.

ल्युटीच्या घरी माणूस मावत नव्हता. टेबलावर कुणाची कोंबडी, कुणाचे वाल, कुणाचा केक. हॅम मीच कापायला घेतला, कारण रडून झालं होतं आणि हाताला काहीतरी हवं होतं. पातळ पातळ काप काढत सुरी हाडापर्यंत गेली. हाडाजवळचा तुकडा सुटला. हा ओथासाठी ठेवायचा, असं मनात आलं आणि तिथेच हात थांबला. ओथाने तो माझ्याकडे मागितला होता तेव्हा हा हॅम पाण्यात होता. गुरुवारी. गुरुवारी ओथा माझ्या दारात उभा राहून हसत होता, आणि त्याच्या मयताचं जेवण माझ्या पातेल्यात भिजत होतं. वरातीमागून घोडं सगळ्यांनी पाहिलंय. मयताआधी सुतकाचं अन्न मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि ते माझ्याच हातचं होतं.

"ताई, काय झालं?" ल्युटीने विचारलं. ल्युटी म्हणजे ओथाची बायको, दोन पोरींची आई. डोळे कोरडे झालेले.

मी तिला बाजूला घेऊन कानात सांगितलं. ती टेबलापाशी गेली, हॅमचं ताट उचललं आणि मागच्या दाराने अंगणात कुत्र्यांपुढे रिकामं केलं. बायका बघत राहिल्या. हॅम फेकताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

डब स्केल्टनवर राज्याच्या कोर्टात खुनाचा खटला झाला. त्याची गाडी पुलापाशी लोकांनी पाहिली होती, आणखी दोघं आत बसलेलेही पाहिले होते. स्केल्टन साक्षीला उभाच राहिला नाही. त्याला गरजच काय होती? ज्यूरीचे बारा गोरे पुरुष आत गेले आणि थंड सोडा पिऊन बाहेर आले. निर्दोष. ल्युटी म्हणाली, "बाटल्या तरी संपवायच्या होत्या मेल्यांनी."

मला वाटलं, संपलं. पण काही महिन्यांनी केंद्र सरकारचा एक वकील ल्युटीच्या घरी आला. मिस्टर व्हॉन. तरुण होता, पण टोपी काढून बसला आणि मला मिसेस टॅगर्ट म्हणाला, म्हणून मी त्याला पाय वाढला. म्हणजे सफरचंद भरून भाजलेला.

"खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा," तो म्हणाला. "त्यातून स्केल्टन सुटलाय. एकदा सुटलेल्यावर तोच खटला परत चालत नाही. पण केंद्राकडे एक जुनं कलम आहे, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातलं. दोन किंवा जास्त माणसांनी मिळून एखाद्या नागरिकाला त्याचा हक्क बजावण्यापासून अडवायचं ठरवलं, त्याला इजा करायचं, धमकवायचं ठरवलं, तर तो कट. त्याला शिक्षा आहे."

"म्हणजे माझ्या नवऱ्याला मारलं हा गुन्हा नाही," ल्युटी म्हणाली, "त्याला मत देऊ दिलं नाही हा गुन्हा?"

"कायद्याच्या कागदावर तसंच आहे, मॅम."

"आणि एकट्याने मारला असता तर?"

"तर माझ्या हातात काही नाही. दोघं तरी हवेत. आणि त्यांनी आधी ठरवलं होतं हे सिद्ध व्हायला हवं."

"वा रे कायदा," ल्युटी म्हणाली. "एकट्या लांडग्याला माफी, कळपाला दंड."

मी तेव्हा हॅमचं सांगितलं. बुधवारची ताटं, अंगणातली गाडी, गुरुवारचं पातेलं, सगळं. मिस्टर व्हॉनचा काटा हवेतच राहिला. "माझी आजी व्हर्जिनियाची," तो हळूच म्हणाला. "नाताळच्या आधी तिच्या न्हाणीघरात हॅम भिजत असायचा, आम्हाला आंघोळ बंद." मग त्याने काटा ताटात ठेवला. "मिसेस गोफर्थला मी साक्षीला ओढू शकत नाही. बायकोला नवऱ्याविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. पण हॅमचं कुणाशी लग्न झालेलं नाही. तुम्ही बोलाल का, मिसेस टॅगर्ट? नोकरी जाईल."

"नोकरीचं काय घेऊन बसलात?" मी म्हणाले. पण खरं सांगते, त्या रात्री मी घाबरले होते. त्या घरात माझं आयुष्य गेलं होतं, आणि दुसरीकडे कुठे मला कुणी उभं करणार नव्हतं.

केंद्राचं कोर्ट लांबच्या शहरात. आरोपी चौघं: गोफर्थ, स्केल्टन आणि त्याच्या गाडीतले ते दोघे. ज्यूरी पुन्हा गोरीच, फक्त या वेळी त्यात दोन बायका होत्या. त्यांना बघून मला धीर आला. पुरुष एक वेळ विसरतील, पण हॅम भिजवल्याशिवाय शिजत नाही हे त्या बायका कशा विसरतील?

मी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. पाणी किती वेळा बदललं तेही सांगितलं. गुरुवारी मला काय सांगण्यात आलं, शनिवारी माझ्या हातात काय देण्यात आलं. मिस्टर व्हॉन ज्यूरीकडे वळून म्हणाला, "गुरुवारी सकाळी या काउंटीत कुणाचंही मयत झालेलं नव्हतं. ते अन्न कुणासाठी भिजत होतं?" त्या दोघी बायकांपैकी एकीने तोंडावर रुमाल धरला. आरोपींपैकी तिघं छताकडे बघत होते. एकटा गोफर्थ माझं बोलणं मन लावून ऐकत होता, पुढे झुकून, हनुवटी मुठीवर टेकून. माझ्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, पण माझं बोलणं त्याने असं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचा वकील उठला. "मोझेल, तुझं वय झालंय. बुधवार कुठला, गुरुवार कुठला, घोळ होत असेल नाही?"

"होत नाही, सर. गुरुवारी चांदीची भांडी घासायची असतात. इतकी वर्षं घासतेय. माझा घोळ झाला असता तर तुमच्या अशिलाचे काटे काळे पडले असते."

लोक हसले. न्यायाधीशाने हातोडा आपटला. मी खाली उतरले तेव्हा ल्युटीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. आता सुटत नाहीत, असं आम्हा दोघींना वाटलं.

मग त्यांनी मिस अ‍ॅडलेडला बोलावलं. तिला सक्ती नव्हती, ती आपणहून नवऱ्याच्या बाजूने आली. पांढरे हातमोजे, निळी टोपी. बायबलवर हात ठेवताना तिने हातमोजा काढला, एवढं मात्र मी पाहिलं.

"हॅम रविवारच्या चर्चच्या जेवणासाठी होता," ती म्हणाली. "शनिवारी मोझेलवर ओढवलेलं कळलं, मला राहवलं नाही. मी तो तिला दिला. कुणीही दिला असता."

"गुरुवारी तुम्ही तिला काय म्हणालात?"

"चर्चसाठी भिजत घाल म्हणाले. बिचारी मोझेल. दुःखात माणसाच्या मनात काय काय येतं. आमच्या घरातलीच आहे ती. आमचा फार जीव आहे तिच्यावर."

त्या रविवारी चर्चमध्ये कसलंही जेवण नव्हतं. पण चर्च त्यांचं, पाद्री त्यांचा, आणि तोही येऊन जेवण होतं म्हणाला. मी ज्यूरीतल्या त्या दोघी बायकांकडे बघितलं. दोघी मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे. पाहुण्यांना द्यायचा हॅम कापडात बांधून, गाठ मारून ठेवत नाहीत, तो ताटात मांडतात.

तरीही मिस्टर व्हॉनला आशा होती. मधल्या सुट्टीत त्याने आम्हाला कॉफी आणून दिली. "बाई खोटं बोलली हे ज्यूरीला दिसलंय," तो म्हणाला.

दुपारी डब स्केल्टन साक्षीला उभा राहिला. राज्याच्या कोर्टात तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस इथे आरामात टेकून बसला.

"ओथाला कुणी मारलं?" त्याच्या वकिलाने विचारलं.

"मी मारलं."

अख्खं कोर्ट हललं. ल्युटी उभी राहिली, मी तिला खाली ओढलं.

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. एकटाच होतो."

"का मारलंत?"

"पंपावर आला होता. टोपी काढली नाही. उलटून बोलला. माझं डोकं फिरलं."

"त्याच्या मतदानाशी काही संबंध?"

"मत?" स्केल्टन हसला. "त्याने मत द्यावं नाहीतर लोणचं घालावं. मला काय?"

मिस्टर व्हॉन उठला. "राज्याच्या कोर्टात तुम्ही हे सांगितलं नाही."

"मला कुणी विचारलंच नाही."

पुन्हा हशा. हातोडा. मला आधी समजलंच नाही की काय झालं. मला वाटलं, कबूल झाला की! बायबलवर हात ठेवून म्हणाला की मी मारलं! आता याला काय बाकी राहिलं? मग मिस्टर व्हॉनचा चेहरा पाहिला आणि ल्युटीने त्याला त्या दिवशी विचारलेला प्रश्न आठवला. एकट्याने मारला असता तर? खुनातून तो आधीच सुटला होता, तो दरवाजा बंद. आता तो एकटा म्हटला की कट मोडला, आणि कट मोडला की चौघंही मोकळे. माझ्या भावाला कुणी मारलं हे अखेर भरकोर्टात सांगितलं गेलं, आणि ते सांगितलं गेलं म्हणूनच सगळे सुटले. अर्धं खरं त्याने अर्ध्या खोट्याला जामीन ठेवलं.

ज्यूरीने या वेळी सोड्याहून जास्त वेळ घेतला. दोघी बायका रडून आल्यासारख्या दिसत होत्या. पण निर्दोष म्हणताना त्यांनीही मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर स्केल्टनने ल्युटीला बघून टोपी किंचित उचलली. अगदी सभ्यपणे. ओथाने त्याच्यासमोर टोपी काढली नाही म्हणे.

मला त्या काउंटीत कुणी काम दिलं नाही. ल्युटीच्या घरी राहायला गेले, चर्चच्या बायका डाळ-पीठ आणून द्यायच्या. गोफर्थांनी नवी स्वयंपाकीण ठेवली, रोझेटा. आमच्याच चर्चमधली, गरीब स्वभावाची. मला तिचा राग नव्हता. पोट सगळ्यांनाच असतं.

हिवाळा संपता संपता एका रविवारी ल्युटी चर्चमध्ये उभी राहिली. "बुधवारी मी जाणार," म्हणाली. "ज्याला यायचं त्याने यावं. नाही आलात तरी जाणार." लोक बाकांवर चुळबुळले. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मी येते गं." मग आणखी एक. ओथा गेल्यापासून पहिल्यांदा त्या चर्चमध्ये हवा आल्यासारखं वाटलं.

मंगळवारी सकाळी रोझेटा आली. दोन्ही हातांनी धरलेलं गाठोडं तिने टेबलावर ठेवलं. पांढरं कापड, वर गाठ. कापडातून काकवी आणि लवंगांचा वास.

"मिस अ‍ॅडलेडकडून," ती म्हणाली. नजर जमिनीवर.

ल्युटीच्या दोन्ही पोरी तिथेच होत्या, थोरली धाकटीची वेणी घालत होती. म्हातारी सासू नाही, आजारी कुणी नाही. त्या घरात सगळी माणसं जिवंत होती.

"रोझेटा, कोण मेलं?" मी विचारलं.

"मला काही विचारू नकोस, मोझेल. मला लेकरंबाळं आहेत." आणि ती जवळजवळ धावतच गेली.

ल्युटी गाठोड्याकडे बघत उभी होती. "कधी भिजत घातला असेल गं?" तिने विचारलं.

"रविवारी," मी म्हणाले. "तू चर्चमधून घरी पोचायच्या आत."

आमच्या मयतांचं सगळं बघणाऱ्या माणसाच्या दुकानात फोन होता. तिथून मी मिस्टर व्हॉनला वॉशिंग्टनला फोन लावला.

"तुम्ही म्हणाला होतात, कलमात मेलेला माणूस लागत नाही. ठरवलं हाच गुन्हा."

"हो, मिसेस टॅगर्ट."

"मग ठरवलंय त्यांनी. पकडा."

"कुणी? किती जणांनी? काय आहे तुमच्याकडे?"

"हॅम आहे."

तो म्हणाला, "मिसेस टॅगर्ट, तो हॅम एकदा हरलाय." मग हलक्या आवाजात, "मुलींना घेऊन निघा. मी वकील म्हणून सांगत नाही."

ल्युटी ऐकेना. "मी जाणार. ओथाच्या पायऱ्या आहेत त्या." मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. शेवटी तिने टेबलावरच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग पोरींकडे पाहिलं. थोरलीची नजर त्या गाठीवरच खिळली होती. ल्युटीने पलंगाखालची पेटी ओढली. "निदान या वेळी ती बाई वेळेवर शुद्धीवर आली," म्हणाली, आणि रडली. नवऱ्याच्या मयतालाही ती अशी रडली नव्हती.

दुपारच्या बसने आम्ही शिकागोला निघालो. हॅम टेबलावर तसाच सोडला, गाठही न सोडता. बुधवारी त्या म्हाताऱ्या एकट्याच खिडकीवर गेल्या असतील, किंवा गेल्याही नसतील. मी कुणाला विचारलं नाही.

शिकागोत आम्हाला कुणी अडवलं नाही. ल्युटीने पहिल्यांदा मत दिलं त्या दिवशी लोकांनी तिचं अभिनंदन केलं, आणि घरी येऊन तिने दार लावून घेतलं. ओथाला हे मत नको होतं. त्याला तिथलं हवं होतं, त्याने बांधलेल्या पायऱ्यांच्या वरचं.

मिस अ‍ॅडलेडबद्दल माझ्या मनात एक कोपरा मात्र मऊ झाला होता, हे कबूल करते. कोर्टात खोटं बोलली, पण नंतर तिचं मन तिला खात असणार. नवऱ्याच्या नकळत तिने आम्हाला सावध केलं. वर्षानुवर्षं मी रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेत असे. अगदी शेवटी, पण घेत असे.

परवा रोझेटा शिकागोला आली, लेकीकडे. म्हातारी झालीय, गुडघे गेलेत. मी तिला कॉफी दिली, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी म्हणाले, "मिस अ‍ॅडलेडने त्या वेळी आमचा जीव वाचवला बघ."

रोझेटाने कप खाली ठेवला. "मिस अ‍ॅडलेड? ती तेव्हा घरी होती कुठे? नॅशव्हिलला बहिणीकडे गेलेली. हॅम त्याने करवला. मिस्टर गोफर्थने. आजवर कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं त्याने. त्या रविवारी आला, म्हणाला, मोठा हॅम भिजत घाल आणि बाईसाहेबांनी दिलाय म्हणून सांग. मी विचारलं, कोण गेलं, सर? तर हसला. म्हणाला, अजून कुणी नाही. मोझेलला कळेल. कोर्टात तिनेच तर शिकवलं."

माझ्या डोळ्यांपुढे तो आला. पुढे झुकलेला, हनुवटी मुठीवर.

मग मी तिला एक प्रश्न विचारला. का विचारला ते रोझेटाला समजलं नाही. मिस्टर व्हॉनला समजलं असतं.

"त्याच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कुणी नाही गं," रोझेटा म्हणाली. "एकटाच होता."